ढालीचा हात

गेल्या पावसाळ्यातील एक लहानशी गोष्ट प्रथम सांगते. कारण प्रस्तुत लेखाचा उगम तिच्यातच आहे.

एके दिवशी एक शिक्षक रजेवर असल्यामुळे नववीच्या वर्गावर मला जावे लागले. वर्गात पाऊल टाकते तो मागील बाकाभोवती मुलांचे कोंडाळे जमलेले, मधोमध कागदांचा पसारा आणि त्या कागदांवर रंगीबेरंगी फासे. फासे म्हटले की महाभारत वाचलेल्या माणसाच्या मनात द्यूतच उभे राहते. मी एक शब्दही न विचारता ते सारे फासे उचलले आणि टेबलाच्या खणात टाकले. उचलताना एवढे मात्र लक्षात आले की, हे फासे आपल्या सारीपाटाचे नव्हेत. एकाला चार बाजू होत्या, एकाला आठ, एकाला बारा, आणि एकाला तर चक्क वीस!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या कोंडाळ्यातील एक मुलगी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. ती म्हणाली, "बाई, त्यात पैसे नसतात हो. एकदा आमच्याबरोबर बसून पाहा. मग हवे तर फासे ठेवून घ्या." तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, अजीजीही नव्हती. त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर बसले.

खेळ असा होता. पाच मुलांपैकी एक सूत्रधार झाला. उरलेल्या चौघांनी एकेक काल्पनिक पात्र घेतले. दोघे मुलगे दोन हातांनी चालवावयाची प्रचंड तलवार घेतलेले योद्धे झाले. तिसरा मुलगा मांत्रिक झाला. त्या मुलीने मात्र एका हातात साधी तलवार आणि दुसऱ्या हातात ढाल घेतली. सूत्रधार प्रसंग वर्णन करी, मुले आपापल्या पात्राने काय करावयाचे ते सांगत, आणि निकाल फाशावर ठरे. एका लाकडी पुलावर शत्रूंची टोळी आडवी आली. दोघे तलवारबहाद्दर पुढे धावून गेले. मुलगी मात्र मांत्रिकाच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्यावर येणारे घाव ढालीवर घेत राहिली. अखेरीस शत्रू हटले, मांत्रिक वाचला, पण तिचे पात्र पुलावर मरून पडले.

मुलगे म्हणाले, "ढाल घेऊन भित्र्यासारखी उभी राहिलीस. मोठी तलवार घेतली असतीस तर शत्रू आधीच संपले असते." ती त्यांना काही बोलली नाही. कागद गोळा करून झाल्यावर तिने मला विचारले, "बाई, तुम्ही इतिहास शिकवता. खऱ्या लढाईत ढाल घेणाऱ्याचे चुकत असे का?"

मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. पुढील काही आठवडे त्या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. वाचून आणि विचार करून जे हाती लागले ते येथे मांडते.

प्रथम या खेळाची ओळख करून घेऊ. फाशांच्या आणि कल्पनेच्या आधारे खेळावयाच्या या प्रकाराचा आद्य खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्याची मुळे मात्र बरीच खोल जातात. पटावर सैन्य मांडून लढाईचा विचार करण्याची कल्पना आपल्याच देशातील चतुरंगाइतकी जुनी आहे. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही चतुरंगाची चार अंगे. तोच खेळ इराणमार्गे युरोपात जाऊन बुद्धिबळ म्हणून जगभर पसरला. पुढे १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने लष्करी शिक्षणासाठी नकाशावर खेळावयाच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. रणांगणावर प्रत्येक गोष्ट हिशेबाप्रमाणे घडत नाही. म्हणून त्याने आपल्या खेळात फाशाला स्थान दिले आणि निकाल सांगण्यास एक पंच नेमला. आजच्या खेळातील सूत्रधार हा त्या पंचाचाच वंशज. गायगॅक्स यांनी १९७१ साली एका सहकाऱ्यासमवेत मध्ययुगीन लढायांच्या खेळाचे नियम छापले होते. त्यात सैन्याच्या तुकड्या लढत. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या नव्या खेळात एकेका खेळाडूच्या वाट्यास एकेक माणूस आला. तुकडीची जागा व्यक्तीने घेतली, हाच या खेळाचा नवेपणा.

आता या खेळात तलवारीचा घाव कसा ठरतो ते पाहू. आमची मुले २०१४ साली निघालेल्या पाचव्या आवृत्तीचे नियम वापरीत होती. म्हणून हिशेब त्याच नियमांचा देते. प्रत्येक पात्राला एक संरक्षणांक असतो. अंगावर काही नसलेल्या सामान्य माणसाचा संरक्षणांक १०. कड्यांचे जड चिलखत घातले की तो १६ होतो. डाव्या हातात ढाल घेतली की त्यात २ मिळवावयाचे, म्हणजे १८. घाव घालणारा वीस बाजूंचा फासा टाकतो आणि आलेल्या दानात आपल्या कौशल्याचा अंक मिळवतो. ही बेरीज समोरच्याच्या संरक्षणांकाइतकी किंवा अधिक झाली तर घाव बसला, कमी पडली तर चुकला. घाव बसल्यावर दुसरे फासे टाकून इजा किती झाली ते ठरवितात आणि तेवढे अंक जखमी पात्राच्या प्राणांकातून वजा करतात. प्राणांक संपले की पात्र कोसळले.

१९७४ च्या मूळ नियमांत ढालीचे मोल अवघे एका अंकाचे होते. आता ते दोन आहे. वीस बाजूंच्या फाशावर दोन अंक म्हणजे काय मोठेसे, असे प्रथमदर्शनी वाटते. तेव्हा मुलांच्या भांडणाचा निवाडा आपण गणितानेच करू.

समजा, शत्रूचा कौशल्यांक ४ आहे. संरक्षणांक १६ असलेल्या योद्ध्याला घाव बसण्यासाठी त्याला फाशावर १२ किंवा अधिक दान हवे. म्हणजे १२ पासून २० पर्यंतची ९ दाने. २० पैकी ९. शंभर घावांपैकी सरासरीने ४५ बसतील. ढालीमुळे संरक्षणांक १८ झाला की १४ किंवा अधिक दान हवे. अशी दाने ७. शंभरांपैकी ३५ घाव बसतील. याचा अर्थ, ज्या दोन अंकांना आपण क्षुल्लक समजत होतो, ते दर शंभर घावांतील दहा वाचवितात.

आता तलवारीकडे वळू. दोन हातांच्या तलवारीची इजा सहा बाजूंच्या दोन फाशांनी ठरते. त्यांची सरासरी ७. एका हाताच्या तलवारीला आठ बाजूंचा एक फासा. त्याची सरासरी साडेचार. दोघांच्याही बळाचे ३ अंक मिळविले तर मोठ्या तलवारीची इजा १० आणि लहानीची साडेसात. शत्रूचे प्राणांक ३० असतील, तर मोठ्या तलवारीचे ३ घाव पुरतात आणि लहान तलवारीचे ४ लागतात. म्हणजे मोठी तलवार घेणारा लवकर मोकळा होतो, हे मुलग्यांचे म्हणणे खोटे नव्हे.

परंतु दोन्ही बाजू एकत्र मांडा. मोठ्या तलवारीचा योद्धा ३ घटका लढतो असे धरले, तर ढालवाला ४ घटका लढतो. पहिल्याला शंभरी ४५ च्या प्रमाणात घाव बसतात, दुसऱ्याला ३५ च्या. ३ गुणिले ४५ म्हणजे १३५; ४ गुणिले ३५ म्हणजे १४०. दोन्ही गुणाकार जवळजवळ सारखेच! एकट्यापुरता विचार केला तर ढाल घेणारा आणि मोठी तलवार घेणारा यांच्या अंगावर होणाऱ्या जखमांत नाव घेण्याजोगा भेद नाही. तेव्हा ढाल घेण्यात तिने भित्रेपणा केला नव्हता, आणि मोठी तलवार घेण्यात मुलग्यांनी शौर्यही केले नव्हते. येथपर्यंत तराजू समतोल आहे.

तो कलतो पुढील एका नियमाने. या खेळात योद्ध्याला लढण्याची एक विशेष पद्धत निवडता येते, आणि त्यांतील एक केवळ ढाल धारण करणाऱ्यासाठीच आहे. आपल्यापासून पाच फुटांच्या आत उभ्या असलेल्या सोबत्यावर शत्रूने हात उगारला, तर ढालवाला दर फेरीत एकदा आपली ढाल मध्ये घालू शकतो. तसे केल्यास शत्रूला वीस बाजूंचा फासा दोनदा टाकावा लागतो आणि दोहोंतील लहान दान धरावे लागते. आमच्या मांत्रिकाच्या अंगी चिलखत नव्हते. त्याचा संरक्षणांक १२. त्याच्यावरील शंभर घावांपैकी एरवी ६५ बसले असते. ढाल मध्ये आली की दोन्ही दाने पुरेशी मोठी पडण्याची शक्यता १३/२० गुणिले १३/२०, म्हणजे शंभरांत सुमारे ४२. तेवीस घाव वाचले, आणि ते स्वतःचे नव्हेत, सोबत्याचे! मोठ्या तलवारीने दोन्ही हात अडकवून घेतलेल्याला ही पद्धत कोणत्याही उपायाने साधत नाही. कारण त्याचा डावा हात मोकळा नाही.

येथे खेळाचे गणित संपते आणि माझा विषय सुरू होतो. त्या मुलीने विचारले होते खऱ्या लढाईविषयी.

खरी ढाल कशी असे? मराठ्यांच्या काळातील ढाल वाटोळी, मध्यभागी फुगीर, आणि साधारणतः दीड ते दोन फूट व्यासाची असे. ती बहुधा म्हशीच्या किंवा गेंड्याच्या कमावलेल्या कातड्याची करीत. पोलादी ढालीही होत्या. ढालीच्या दर्शनी भागावर धातूची चार फुले असतात. ती केवळ शोभेची नव्हेत. आतून पकडीसाठी जे दोन बंद असतात, त्यांच्या कड्या कातड्यातून आरपार येऊन या फुलांखाली पक्क्या केलेल्या असतात. बंदांखाली एक लहानशी गादी असते. मुठीची पेरे तिच्यावर टेकतात, म्हणजे वरून घाव आदळला तरी हाताची हाडे दुखावत नाहीत. एवढ्याशा गादीचा विचार करणाऱ्या कारागिराने किती जणांचे ठेचलेले हात पाहिले असतील, याची कल्पना आपण करावी.

ढाल म्हणजे भिंत, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. दीड फुटाच्या भिंतीआड अख्खा माणूस कसा मावेल? ढालीचे सामर्थ्य तिच्या आकारात नसून हालचालीत असते. येणारा घाव तिने समोरासमोर झेलावयाचा नसतो. तिरप्या धरलेल्या फुगीर पाठीवरून तो घसरू द्यावयाचा असतो. घाव घसरला की शत्रूचा हात वाहवत जातो, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्या तलवारीला वाट सापडते. ढाल फार उंच धरली तर स्वतःचीच दृष्टी झाकली जाते. अंगाशी फार चिकटवून धरली तर घावाचा दणका थेट शरीरास बसतो. म्हणून डाव्या हाताला उजव्या हाताइतकेच, किंबहुना त्याच्या आधी, शिक्षण द्यावे लागते.

हे शिक्षण आपल्याकडे कसे देत, हे पाहावयाचे असेल तर कोल्हापूरकडे वळले पाहिजे. तेथील तालमींतून मर्दानी खेळांची परंपरा आजही चालू आहे. लाठी, बोथाटी, विटा, दांडपट्टा, ढाल-तलवार अशी अनेक अंगे त्या खेळात आहेत आणि शिवजयंतीसारख्या प्रसंगी मुलगे व मुली ती करून दाखवितात. त्यांतील फरी-गदगा हा प्रकार आपल्या विषयाशी अगदी निगडित आहे. फरी म्हणजे लहानशी ढाल, आणि गदगा म्हणजे चामडे चढविलेली काठी. तलवारीच्या जागी काठी घेऊन ढाल-तलवारीचा सराव करावयाचा, जेणेकरून शिकणाऱ्याचे रक्त न सांडता त्याच्या चुका त्याला कळाव्यात. १८१८ साली मराठी राज्य गेले, आणि १८७८ च्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. तरीही ही विद्या काठीच्या रूपाने टिकून राहिली.

आपल्या भाषेनेही ती जपून ठेवली आहे. 'पवित्रा घेणे' हा शब्दप्रयोग आपण सभेतील वादविवादासाठीही वापरतो. पण मुळात पवित्रा म्हणजे लढणाऱ्याच्या पायांची ठेवण आणि शरीराची ढब. पाय चुकला की हाताचे सारे कौशल्य वाया जाते. जिभेचा दांडपट्टा चालविणाऱ्यांचा अनुभव तर प्रत्येक घरात असेल! खरा दांडपट्टा मात्र फार अवघड. त्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी आवरणात असते. त्यामुळे मनगट वळत नाही आणि कोपर, खांदा व सर्व अंग फिरवून पाते चालवावे लागते.

खेळाच्या नियमांत न मावणाऱ्या गोष्टी येथे ध्यानात येतात. त्या खेळात एक फेरी सहा सेकंदांची मानतात आणि सामान्य योद्ध्याला तेवढ्यात एक घाव मिळतो. खऱ्या लढणाऱ्याचे पाय सहा सेकंदांत कितीदा तरी जागा बदलतात. खेळात ढालीचे दोन अंक पहिल्या फेरीत जेवढे, तेवढेच शेवटच्या फेरीत. खरा डावा हात मात्र भरून येतो, थरथरतो, हळूहळू खाली येऊ लागतो. कागदावरच्या पात्राला भीतीने घाम फुटत नाही. हे मी खेळाचा दोष म्हणून सांगत नाही. बुद्धिबळातला घोडाही खिंकाळत नाही. परंतु अंक म्हणजे माणूस नव्हे, एवढे खेळणाऱ्याने विसरू नये.

माझे बालपण गोव्यातील सत्तरी तालुक्यात गेले. घरची भाषा कोंकणी. मराठी शाळेत आणि देवळातील कीर्तनांत कानी पडली. आमच्या भागात शिगम्याच्या सणात घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोड्याचे तोंड बांधलेले, फुलांनी सजलेले गावकरी ढोल-ताशाच्या तालावर मागेपुढे पावले टाकत नाचतात. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात लगाम. मी लहानपणी वडिलांना विचारले होते, "यांच्या हातात ढाल का नाही?" ते म्हणाले, "डावा हात घोड्याला दिला ना, बाय! आता त्याला राखणारा शेजारचा." त्या वेळी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. वर्गातल्या मुलीच्या प्रश्नाने तो पुन्हा वर आला. डावा हात कशाला द्यावयाचा, हा प्रत्येक लढणाऱ्यापुढचा खरा प्रश्न आहे.

त्याचे सर्वांत उज्ज्वल उत्तर आपल्या इतिहासात कोंढाण्यावर मिळते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या मावळ्यांसह तो गड चढून गेले. मोगलांच्या बाजूने उदेभान राठोड हा किल्लेदार होता. या लढाईची हकीकत कृष्णाजी अनंत सभासद यांनी आपल्या बखरीत दिली आहे. हे लेखक शिवाजी महाराजांच्या पदरी होते आणि त्यांनी ही बखर राजाराम महाराजांच्या काळी जिंजी येथे लिहिली. ते सांगतात की, तानाजींच्या डाव्या हातातील ढाल लढता लढता तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्यांनी आपल्या डाव्या हाताचीच ढाल केली. घाव त्या हातावर घेतले, उजव्याने लढत राहिले, आणि अखेर दोघेही वीर पडले. नंतर तानाजींचे बंधू सूर्याजी यांनी मावळ्यांना सावरले आणि गड घेतला.

हा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु त्यातील ढालीकडे आपले लक्ष जात नाही. ढाल गेल्यावर तानाजींना माघार घेता आली असती, किंवा त्या मोकळ्या हाताने तलवारीची मूठ दोन्ही हातांनी आवळून अधिक जोराचा घाव घालता आला असता. त्यांनी तसे केले नाही. ढाल तुटली तरी ढालीचे काम त्यांनी सोडले नाही. जितका वेळ किल्लेदार त्यांच्याशी झुंजत होता, तितका वेळ तो मावळ्यांवर तुटून पडू शकत नव्हता. त्या हाताने कोणासाठी वेळ मिळविला, हे सकाळी गडावर जिवंत असलेल्यांना ठाऊक होते.

ढाल ही नेहमी वस्तूच असते असेही नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान पडला, त्या वेळी त्याचा अंगरक्षक सय्यद बंडा पट्टा घेऊन महाराजांवर चालून आला. जिवा महाला मध्ये पडला आणि त्याने सय्यदाला ठार केले. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्याच प्रसंगावरून रूढ झाली. पाच फुटांच्या आत सावध उभा असलेला सोबती, हीच येथे ढाल! परदेशी खेळाच्या एका कलमात जे सांगितले आहे, ते आपल्या म्हणीने साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेतून केव्हाच टिपून ठेवले आहे.

येथे मात्र एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते, आणि त्यासाठी आपल्याला भोपाळबाहेर जावे लागत नाही. १७३७ च्या डिसेंबरात निजाम-उल-मुल्क मोठी फौज आणि भारी तोफखाना घेऊन उत्तरेकडून आला आणि भोपाळच्या किल्ल्याच्या व तलावाच्या आश्रयाने तळ देऊन बसला. तोफा, तट आणि पाणी; याहून भक्कम ढाल कोणती असावयाची? पहिल्या बाजीरावांनी त्या ढालीवर डोके आपटले नाही. त्यांच्या घोडदळाने चोहोबाजूंच्या वाटा रोखल्या, दाणावैरण तोडली. तिकडे दक्षिणेतून निजामाला कुमक येऊ नये म्हणून चिमाजी अप्पा टपून होते. ज्या तटाच्या आड निजाम सुरक्षित होता, त्याच तटाच्या आड तो उपाशी पडू लागला. अखेर ७ जानेवारी १७३८ रोजी भोपाळजवळील दुराहा सराई येथे त्याला तह करावा लागला, माळवा आणि नर्मदा-चंबळेमधील प्रदेश मराठ्यांना देण्याचे मान्य करावे लागले, शिवाय युद्धखर्चाचे पन्नास लाख रुपये कबूल करावे लागले. रोज संध्याकाळी आपण ज्या तलावाकाठी फिरावयास जातो, त्याच परिसरात हे घडले आहे. तात्पर्य, ढाल हे आड लपून बसण्याचे स्थान नव्हे. जी ढाल हलत नाही, तिची कोठडी होते. पुलावर उभी राहिलेली ती मुलगी लपली नव्हती. ती एका माणसाजवळ उभी होती, आणि ह्या दोहोंत जमीन-अस्मानाचा भेद आहे.

पालकांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. फासे दिसले की जुगार, आणि तलवार दिसली की हिंसा, असा निष्कर्ष घाईने काढण्याची चूक मी स्वतः केली आहे. या खेळात पैशाची पैज नसते. मुले चार तास एका जागी बसतात, एकमेकांचे ऐकून घेतात, गोष्ट रचतात, आणि संभाव्यतेचे जे गणित वर्गात डोक्यावरून जाते ते बोटांवर करतात. अर्थात अभ्यासाचा आणि झोपेचा वेळ त्याने खाऊ नये. कोणताही खेळ मर्यादेतच गोड. परंतु मुलांनी कोणते शस्त्र निवडले यापेक्षा, डावा हात कोणासाठी मोकळा ठेवला, हे त्यांना जरूर विचारावे.

सारांश काय? एकट्याच्या हिशेबात ढाल आणि मोठी तलवार यांची बरोबरी होते. सोबती शेजारी आला की पारडे ढालीकडे झुकते. आणि ज्याने ढाल घेतली त्याचा स्वतःचा जीव वाचेलच, असे आश्वासन ना खेळ देतो, ना इतिहास. तानाजी वाचले नाहीत. म्हणून त्यांचे चुकले, असे आपण म्हणतो का?

वरील सर्व विचार जमल्यावर मी त्या मुलीला बोलावून घेतले, खणातले सातही फासे तिच्या हाती परत दिले आणि त्या दिवशी न विचारता ते उचलल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. मग पाटीवर आकडे मांडून तिच्या प्रश्नाचे उत्तर दिले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले. सरतेशेवटी ती एवढेच म्हणाली, "म्हणजे बाई, मांत्रिक वाचला, तेवढे पुरे. पुढच्या शनिवारी गोष्ट त्याच्यापासूनच सुरू व्हायची आहे."